नवीन फाइलमध्ये हेडर दोनदा-तीनदा येतंय, व्हिम एडिटरमध्ये काय चुकतंय?

मंडळी, नमस्कार.

पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लॅबमध्ये प्रत्येक प्रोग्रामच्या डोक्यावर नाव, रोल नंबर, बॅच, प्रॅक्टिकल नंबर आणि तारीख असं पाच ओळींचं हेडर लागतं. ते नसलं तर जर्नलवर सही मिळत नाही, मग अप्पा बळवंत चौकातून आणलेलं ते जर्नल कितीही देखणं असो. आधी जुन्या फाइलमधून कॉपी करायचे आणि नंबर बदलायला विसरायचे. म्हणून टेम्प्लेटची एक फाइल केली आणि व्हिमआरसीत (व्हिमच्या सेटिंगच्या फाइलीत) एक ऑटोकमांड, म्हणजे ठरावीक वेळी आपोआप चालणारी कमांड, टाकली: बफन्यूफाइल (नवीन फाइल उघडताना), पुढे स्टार डॉट सीपीपी (सी प्लस प्लसच्या फाइली), आणि शून्य-आर करून टेम्प्लेट अगदी वर वाचायची. (बसमधून फोनवर लिहितेय, कीबोर्ड मराठीवर आहे, म्हणून कमांडही देवनागरीत. सांभाळून घ्या.)

सकाळी लॅबमध्ये बसले की हेडर एकदाच येतं. दुपारपर्यंत दोनदा. काल तर चारदा आलं! जितकी दुरुस्ती करतेय तितकं वाढतंय. शिवाय तारीख टेम्प्लेटमध्ये लिहिलेली तीच राहते. सबमिशन शुक्रवारी आहे.

प्रतिसाद १
व्हीएस कोड हा एडिटर घ्या, हेडरचं स्निपेट (तयार मजकुराचा तुकडा) करा, सुटलात.

धागाकर्ती
लॅबच्या मशीनवर आम्हाला काही इन्स्टॉल करता येत नाही. आहे त्यातच भागवायचंय.

प्रतिसाद २
ईमॅक्स एडिटरमध्ये नवीन फाइलीत टेम्प्लेट आपोआप घालणारा ऑटो-इन्सर्ट मोड आहे, एवढंच सांगून गप्प बसतो.

प्रतिसाद ३
व्हिम दिवसभर उघडंच असतं का? आणि व्हिमआरसीत बदल केला की ती तिथल्या तिथे सोर्स करता, म्हणजे व्हिमला पुन्हा वाचायला लावता?

धागाकर्ती
हो, दोन्ही. बदल लगेच दिसावा म्हणून.

प्रतिसाद ३
मग दुखणं तेच. ऑटोकमांड सोर्स केली की जुनी पुसली जात नाही, यादीत तीच आणखी एकदा चढते. चारदा सोर्स केलं तर चार, आणि नवीन फाइल उघडली की चारही आपापलं टेम्प्लेट ओततात. म्हणून दुरुस्तीगणिक वाढतंय. ती ओळ एका ऑगग्रुपमध्ये (ऑटोकमांडच्या गटात) ठेवा, गटाला काहीही नाव द्या. गटात पहिली ओळ नुसती ऑटोकमांड आणि उद्गारचिन्ह. त्याने त्या गटातल्या जुन्या नोंदी पुसल्या जातात. मग तुमची ओळ, शेवटी ऑगग्रुप एंड.

तारखेसाठी टेम्प्लेटमध्ये खऱ्या तारखेऐवजी एखादा खुणेचा शब्द लिहा. टेम्प्लेट वाचून झालं की सब्स्टिट्यूटने (शोधून बदलायच्या कमांडने) त्या शब्दाच्या जागी बॅकस्लॅश, बरोबरचं चिन्ह आणि एसटीआरएफटाइम (आजची तारीख देणारं फंक्शन) टाका. तारखेत तिरक्या रेघा हव्या असतील तर सब्स्टिट्यूटला मधलं चिन्ह म्हणून तिरकी रेघ देऊ नका, हॅश द्या. नाहीतर तारखेतली पहिली रेघ आली की व्हिमला वाटतं कमांड संपली. मी यात एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

धागाकर्ती
ऑगग्रुप केला, सोर्स केलं. अजून तीन येतायत!!

प्रतिसाद ३
अहो, आधीच्या ज्या नोंदी बिनगटाच्या चढल्यात त्या या गटाच्या नाहीत, मग तो त्यांना कशाला पुसेल? व्हिम एकदा पूर्ण बंद करून उघडा.

धागाकर्ती
झालं! एकच हेडर, आजची तारीख. नंतर मुद्दाम पाचदा सोर्स करून बघितलं, तरी एकच. फक्त फाइलच्या तळाशी एक रिकामी ओळ राहतेय, ती कुठून येते?

प्रतिसाद ३
नवीन फाइल उघडली की व्हिम एक रिकामी ओळ घेऊनच बसतं. शून्य-आर टेम्प्लेट तिच्या वर घालतं, म्हणून ती खाली सरकते. टेम्प्लेट वाचल्यावर उभी रेघ देऊन डॉलर-डी जोडा, शेवटची ओळ उडेल.