हॉलला पांढराशुभ्र रंग द्यायचाय: शेड कोणती, हात किती? (नागपूर)

बेसा_रोड

दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे. हॉल १२ बाय १६, उंची १० फूट, खिडकी एकच आणि तीही पश्चिमेला. उन्हाळ्यात त्याच खिडकीत कूलर बसतो. भिंतींवर सध्या गडद अबोली रंगाचं जुनं डिस्टेंपर आहे, खाली आयव्हरी टाइल्स. खोली अंधारी वाटते म्हणून छतासकट सगळं पांढरंशुभ्र करायचंय.

दुकानदारानं शेडकार्डावर सात-आठ पांढरे दाखवले, मला सगळे एकच वाटले. पेंटर म्हणून राहिला, "साधा व्हाइट घ्या, दोन हातात काम होते, चमक पाहिजे असन तर थोडी नीळ टाकून देतो." काम मे महिन्यात, पोरांच्या सुट्ट्यांत काढायचा विचार आहे. दोन हात पुरतील का? नीळ टाकावी का? रंग किती लागेल? आणि "जगातला सर्वात पांढरा रंग" अशी बातमी मागे वाचली होती, तसलं काही बाजारात मिळतं का?

गिलावा

दोन हात पुरणार नाहीत. रंगात थोडं काळं किंवा पिवळं रंगद्रव्य असलं की ते उजेड शोषतं आणि खालचा रंग लवकर दडतो. निव्वळ पांढऱ्याकडे ती सोय नाही, त्याला सगळं काम उजेड परतवूनच करावं लागतं. म्हणून करडी झाक असलेला ऑफ-व्हाइट जिथे दोन हातांत बसतो तिथे शुभ्र पांढऱ्याला तीन लागतात. तुमच्याकडे खाली गडद अबोली आहे, तेव्हा एक हात प्राइमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) आणि वर तीन हात इमल्शन (पाण्यात कालवायचा भिंतीचा रंग) असाच ठराव पेंटरशी आधी करून घ्या. दर चौरस फुटावर ठरत असेल तर "तीन हात" हे शब्द बोलण्यात यायलाच हवेत.

पण रंगाआधी त्या डिस्टेंपरचं बघा. ओला फडका भिंतीवर दाबून घासा. फडक्याला रंग आला, तर त्या भुकटीवर इमल्शन टिकत नाही. इमल्शन वाळताना आकसतं आणि खालचा सैल थर ओढून घेतं, मग वर्षा-दोन वर्षांत तळहाताएवढे पोपडे सुटतात. भिंत पत्तीनं खरवडायची, राहिलेलं ओल्या स्पंजनं धुऊन काढायचं आणि पूर्ण वाळू द्यायची. पेंटर यालाच टाळाटाळ करतात, कारण धूळ होते आणि दिवस जातो. मजुरी थोडी जास्त गेली तरी हे करवून घ्या.

त्यानंतर व्हाइट सिमेंटची पुट्टी. एक किलोला साधारण ३५० ते ४०० मिली पाणी, दहा मिनिटं घोटून गुठळ्या मोडायच्या, भिंत हलकी ओली करून पहिला हात. दोन्ही हात मिळून जाडी दीड मिलिमीटरच्या आत ठेवा, जाड थराला केसासारख्या भेगा पडतात. कालवलेली पुट्टी दोन-अडीच तासांत संपवायची, उन्हाळ्यात त्याहून लवकर. घट्ट झाली म्हणून पुन्हा पाणी घालून फिरवलेली पुट्टी नंतर भुकटीसारखी झडते. वाळल्यावर १८० नंबरचा घासायचा पेपर, मग ३२०. घासताना बल्ब भिंतीला लागून तिरका धरायला सांगा. समोरून सपाट दिसणारी भिंत तिरक्या उजेडात सगळे खड्डे दाखवते, आणि पश्चिमेच्या खिडकीतून संध्याकाळी नेमका तसाच तिरका उजेड येणार आहे.

घासलेली धूळ कोरड्या ब्रशनं झाडून मगच प्राइमर. पुट्टीवर थेट इमल्शन मारलं तर कोरडी पुट्टी रंगातलं रेझिन (रंगाचे कण धरून ठेवणारा चिकट भाग) पिऊन टाकते आणि काही ठिकाणी भिंत मलूल, काही ठिकाणी चमकदार दिसते. पांढऱ्यात हे डाग लपत नाहीत.

नीळ अजिबात नको. चुन्याच्या सफेदीत नीळ टाकायची जुनी सवय आहे, तिथे ती चालून जायची. निळा रंग पिवळा उजेड शोषतो, त्यामुळे डोळ्याला पांढरं "थंड" आणि जास्त शुभ्र भासतं, पण भिंतीवरून परत येणारा एकूण उजेड उलट कमी होतो. तुम्हाला तर अंधार घालवायचाय. शिवाय कपड्यांची नीळ इमल्शनमध्ये सारखी मिसळत नाही, रोलरखाली गुठळी फुटली की निळी रेघ उमटते. आणि पुढे टचअप करायची वेळ आली तर तीच छटा जुळवणार कशी?

आता माप. भिंती ५६ फूट घेर गुणिले १० म्हणजे ५६०, दोन दरवाजे आणि खिडकी वजा करून ५०० चौरस फूट. छत १९२. गुळगुळीत पुट्टीवर चांगलं इमल्शन एका हाताला लिटरमागे सुमारे २४० चौरस फूट जातं. भिंतींचे तीन हात म्हणजे सव्वासहा लिटर, छताचे दोन म्हणजे दीड लिटरच्या थोडं वर. एकच १० लिटरची बकेट घ्या, दोन लिटरच्या आसपास उरेल ते टचअपला. प्राइमर ४ लिटर. पुट्टी दोन्ही हात पूर्ण भिंतीला लागली तर ४० किलोची एक गोणी भिंतींना पुरते, छताला वेगळी. दोन डबे घ्यावेच लागले तर बॅच नंबर एकच आहे का पाहा, नसेल तर दोन्ही एका बादलीत ओतून एकजीव करा. पांढऱ्याच्या दोन बॅच एका भिंतीवर आल्या की सांधा दिसतो.

पाणी मापानंच घालायचं. लिटरला ४०० ते ५०० मिलीच्या वर जाऊ देऊ नका, आणि डब्यावर कमी लिहिलं असेल तर तेवढंच. मग्यानं अंदाजे ओतलेल्या पाण्यामुळे तीन हातांचं काम दोन हातांइतकंच झाकतं.

उजेड_सावली

गिलावा भाऊंनी भिंतीचं सगळं सांगितलं, मी फक्त शेडबद्दल बोलतो.

शेडकार्डावर पांढरे शेजारी शेजारी पाहू नका, काहीच कळत नाही. कार्डाची प्रत्येक पट्टी कोऱ्या झेरॉक्स कागदावर ठेवा. मग कोणता गुलाबीकडे झुकतो, कोणता हिरव्याकडे, ते लगेच दिसतं. त्यातून दोन निवडा, छोटे डबे आणा, दोन बाय दोन फुटांच्या पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात मारा. भिंतीवर नमुना मारू नका, आजूबाजूचा अबोली डोळ्याला फसवतो. पुठ्ठा सकाळी, चार वाजता आणि रात्री दिवे लावून बघा. खाली टाइल्सवर टेकवूनही बघा. आयव्हरीवर निळसर पांढरा ठेवला की भिंत निळी दिसते आणि टाइल्स जुनाट पिवळ्या. नव्वद टक्के लोक इथेच फसतात आणि दोष रंगाला देतात.

माझा सल्ला: छत डब्यातला निव्वळ पांढरा, मॅट. भिंती त्याच बेसमध्ये अगदी पुसट उबदार झाक घातलेल्या. निव्वळ पांढरा पडलेल्या उजेडापैकी ८५ ते ९० टक्के परत देतो, पुसट झाकेचा ८० ते ८५. खोलीत हा फरक जाणवत नाही, टाइल्सशी भांडण मात्र मिटतं.

दिवे आधी ठरवा. खोक्यावर केल्विनचा आकडा असतो, तो दिव्याच्या उजेडाची छटा सांगतो. ६५०० केल्विनचे एलईडी लावले तर कुठलाही शुभ्र पांढरा दवाखान्यासारखा दिसणार, ३००० चे लावले तर तोच पांढरा सायीसारखा. ४००० मध्यम. खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात तो आकडा) ९० असलेला दिवा मिळाला तर उत्तम.

बातमीतला रंग पर्ड्यू विद्यापीठाचा, २०२१ सालचा. बेरियम सल्फेटचा, सूर्यप्रकाशाचा ९८.१ टक्के भाग परतवणारा. तो छत तापू नये म्हणून केलेला आहे आणि त्याचा थर सुमारे ४०० मायक्रॉनचा होता. घरातलं इमल्शन सगळे हात मिळून त्याच्या पाव हिश्शाच्या आसपास बसतं. हॉलसाठी त्याचा विचार सोडा.

कॉटन_मार्केट

थोडी असहमती. "पुसट झाक" मशीनवर घातली की प्रत्येक टचअपला तीच टिंट (मशीननं मिसळलेली छटा) पुन्हा करून आणावी लागते, आणि दुकानाचं मशीन नीट कॅलिब्रेट नसेल तर बरोब्बर जुळत नाही. भाड्यानं द्यायचं घर किंवा लहान पोरं असलेलं घर असेल तर डब्यातला पांढराच बरा, कुठल्याही दुकानात तोच मिळतो. टाइल्सचा पिवळेपणा खटकतो तिथे एक सतरंजी टाका राजेहो, ८० टक्के मिटते.

स्वस्त-महाग डब्याचा फरक घरीच तपासा. जाड पुठ्ठ्यावर इलेक्ट्रिकची काळी टेप चिकटवा, वर दोन हात मारा, रात्रभर वाळू द्या. कोरडं असताना टेप दिसते का पाहा, मग ओला फडका फिरवून पाहा. खडू जास्त आणि टायटॅनियम डायऑक्साइड (झाकणारं खरं पांढरं रंगद्रव्य) कमी असलेल्या रंगात टेप ओल्यात लगेच डोकावते. खडूचा अपवर्तनांक (उजेड किती वाकवतो तो आकडा) १.६, रेझिनचा १.५, दोन्ही जवळपास सारखेच, म्हणून रेझिनमध्ये बुडालेला खडू काही झाकत नाही. वाळल्यावर कणांमधल्या हवेमुळे पांढरा दिसतो, पाणी शिरलं की गेला. टायटॅनियमचा रूटाइल प्रकार २.७ ला आहे, तो ओला असो की कोरडा, झाकतोच. कूलरच्या खोलीत हा फरक पैसे वसूल करून देतो.

वेस्ट_वॉल

मे मध्ये नका करू हे काम. ४४-४५ अंशांत, कोरड्या हवेत रोलरची एक पट्टी वाळते आणि दुसरी तिच्यावर चढते. सांध्याचे उभे पट्टे उठतात, पांढऱ्यावर दुपारी तिरक्या उन्हात स्पष्ट दिसतात. इमल्शनचे कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा व्हायला वेळ लागतो, तो मिळाला नाही तर भिंत धुताना हाताला पांढरं येतं.

मे च हवा असेल तर सकाळी सहा ते दहा एवढंच काम. पश्चिमेची भिंत सकाळीच उरकायची. नऊ इंची विटेची भिंत दुपारचं ऊन आत पोचवायला काही तास घेते, त्यामुळे ती आतून सगळ्यात तापलेली असते रात्री आठ-नऊला. "ऊन उतरल्यावर मारू" हा हिशेब त्या भिंतीला लागू नाही. पंखा बंद, कूलरची हवा भिंतीवर नको, एका भिंतीवर एक जण कोपरा कापणार आणि दुसरा लगेच मागे रोलर फिरवणार. अर्धी भिंत सोडून चहाला जायचं नाही.

खरा मोसम ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी. त्यातही जानेवारीत पहाटे पारा १० च्या खाली गेला असेल तर नऊ-साडेनऊच्या आधी डबा उघडू नये, थंडीतही तो पापुद्रा नीट धरत नाही. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस टाळा, पेंटर दोन घरं एकदम धरतात.

बेसा_रोड

सगळ्यांचे आभार. मे रद्द, दिवाळीनंतर काढतो. दोन गोष्टी राहिल्या. कूलरच्या खिडकीखाली भिंतीवर काळे ठिपके आहेत आणि जवळच स्लॅबखाली विटेच्या सांध्यात आडवी भेग आहे. आणि दरवाजे-ग्रिल पण पांढरे करायचेत, तिथे साधं ऑइल पेंट चालेल?

गिलावा

काळे ठिपके म्हणजे बुरशी, वर रंग मारला तर दोन महिन्यांत त्यातून परत येते. ब्लीचचं पाणी घ्या, एक भाग घरगुती ब्लीच आणि तीन भाग पाणी. हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून लावा, वीस मिनिटांनी स्वच्छ पाण्यानं धुवा. संडास धुवायच्या ॲसिडचा थेंबही त्यात जाऊ देऊ नका, क्लोरीन वायू होतो. भिंत पूर्ण वाळली की पुढचं काम. मूळ कारण कूलरच आहे. कूलरची टाकी खिडकीच्या कठड्याला टेकलेली असेल, तर मधे दोन-तीन इंच फट ठेवा, कूलर किंचित बाहेर कलता बसवा आणि समोरचं दार किंवा खिडकी उघडी ठेवा. हवा बाहेर गेली नाही की सगळी ओल भिंतच पिते. पाण्याचे पिवळे डाग पडले असतील तर तेवढ्यापुरतं ऑइल बेस प्राइमर लावा, पाण्याच्या प्राइमरमधून ते डाग वर झिरपतात.

भेग पुट्टीनं भरू नका. बीम आणि विटा उन्हाळ्या-हिवाळ्यात वेगवेगळ्या हलतात, पुट्टी तिथे वर्षभरात पुन्हा उलते आणि पांढऱ्यावर काळी रेघ मैलावरून दिसते. पत्तीच्या टोकानं ५ मिलिमीटरची खाच करा, धूळ ब्रशनं काढा, अ‍ॅक्रिलिक क्रॅक फिलर भरा, वर फायबरची जाळीची टेप, मग पुट्टी. (तळमजल्यावर बैठं घर असणाऱ्यांनी हे वाचलं असेल तर: काळ्या मातीवरच्या उथळ पायाची तिरपी भेग वेगळी, ती मे मध्ये उघडते आणि पावसाळ्यात मिटते. तिथे आधी पाया दाखवा.)

दरवाज्याला ऑइल इनॅमल पांढरा घेतला तर पिवळा पडणार. त्यातलं सुकणारं तेल अंधारात पिवळं होतं, म्हणून उजेडातली बाजू बरी राहते आणि दरवाज्याची मागची बाजू, कपाटाचं आतलं अंग आधी पिवळं होतं. पाण्यावरचं अ‍ॅक्रिलिक इनॅमल घ्या, सॅटिन म्हणजे हलक्या चमकीच्या फिनिशचं. जुन्या ऑइल पेंटवर मारताना २२० च्या पेपरनं चमक पूर्ण मारायची, नाहीतर नखानं सालपट निघतं. ग्रिलला आधी गंज खरवडून गंजरोधक प्राइमर, त्यावर हे.

उजेड_सावली

स्विचबोर्डभोवती आणि सोफ्याच्या पाठीमागे मॅट ठेवू नका. तिथे हात लागतात, पुसल्यावर मॅटला चमकदार डाग पडतो. पूर्ण भिंतच हलक्या चमकीची घ्या, अर्धी मॅट अर्धी सॅटिन असं तुकड्यांत करू नका. देवघर हॉलमध्येच असेल तर समईच्या वर काजळीचा पट्टा उठतो, तिथे दिवा भिंतीपासून फूटभर पुढे सरकवून ठेवा. उरलेला रंग झाकण घट्ट बसवून घरातच ठेवा, डब्यावर भिंत, बॅच नंबर आणि महिना लिहून. टेरेसवर ठेवलेला डबा एका उन्हाळ्यात आत दही होतो.