लॉर्ड्सच्या संग्रहालयाची सहल: आधी बाळूंची गोष्ट सांगूया

नमस्कार मंडळी,
यंदा मुलांची सहल लंडनच्या लॉर्ड्स क्रिकेट मैदानावर न्यायचा विचार आहे. एमसीसीचं (मेरिलबोन क्रिकेट क्लबचं) क्रिकेट संग्रहालय आणि मैदानाची टूर एकाच फेरीत होते. ज्युबिली लाइनवर सेंट जॉन्स वुडला उतरायचं, पुढे थोडं चालणं. किती जण येणार ते कळवा, म्हणजे बुकिंग करता येईल.
मेधा (सहल समिती)

मेधाताई,
आमची दोघं दहा-बारा वर्षांची. काचेमागच्या जुन्या बॅटी बघून त्यांना काय मिळणार? त्यापेक्षा पार्कात टेनिस बॉलने मनसोक्त खेळू द्या.
समीर

समीर,
मुलं कंटाळतील ही तुझी काळजी रास्त आहे. पण कंटाळा येतो तो गोष्ट माहीत नसली की. ॲशेसचा, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिकेचा, तो कलश जेमतेम वीतभरही नाही. ऑस्ट्रेलिया जिंकली तरी तो तिथेच राहतो. तिथली पेंढा भरलेली चिमणी १९३६ साली जहांगीर खान यांच्या चेंडूने मेली. हे मुलांना आपोआप आवडेल, त्यासाठी आपली गरज नाही.

आपली गरज आहे ती पालवणकर बाळूंसाठी. चर्मकार समाजातला हा मुलगा पूना क्लबात खेळपट्टीची देखभाल करायचा, सरावाच्या जाळ्यात (नेटमध्ये) गोऱ्या साहेबांना गोलंदाजी टाकायचा. त्यांच्यातल्या ग्रेग नावाच्या साहेबाला बाद केलं की आठ आणे मिळत, असं सांगतात. पुढे पुण्यातल्या हिंदू संघाला विकेटांसाठी बाळू हवे होते. मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सगळे हाताळायचे, पण चहाच्या वेळी त्यांना बाहेर बसवून मातीच्या भांड्यात चहा द्यायचे. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला आला, तेव्हा या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने दौऱ्यात ११४ बळी घेतले. वय पस्तिशीचं, संघ बहुतेक सामने हरत होता, तरी! आणि मायदेशी हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद मात्र त्यांना कधीच दिलं नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळालं.

आपल्या मुलांना गावसकर, तेंडुलकर ठाऊक आहेत. बाळू माहीत नाहीत, ही उणीव आपण मोठ्यांनी भरून काढायला हवी. म्हणून माझी विनंती, आदल्या शनिवारी मंडळात अर्धा तास द्या. बाळूंबद्दल मी मुलांशी बोलेन, त्यांच्या प्रश्नांना उत्तरंही देईन.

टूरमध्ये ड्रेसिंग रूम दाखवतात. पाहुण्या संघाच्या खोलीतल्या शतकवीरांच्या फलकावर दिलीप वेंगसरकरांचं नाव तीनदा शोधायला लावा: १९७९, १९८२, १९८६. तिसऱ्या खेपेला नाबाद १२६, आणि भारताने लॉर्ड्सवर पहिल्यांदा कसोटी जिंकली ती तीच. नागपूरचे सी. के. नायडू २५ जून १९३२ ला भारताची पहिली कसोटी खेळायला याच मैदानावर उतरले, आणि १९८३ चा विश्वचषकही २५ जूनलाच इथे जिंकला. या तारखा मुलं बरोबर लक्षात ठेवतात.
अनंतकाका

काका,
बाळूंबद्दल मला स्वतःलाच काही माहीत नव्हतं. शनिवारी आम्ही चौघंही येतो. मेधाताई, सहलीची आमची चार तिकिटं धरा. टूरनंतर रीजंट्स पार्क जवळच आहे, बॅट आणि टेनिस बॉल मी आणतो.
समीर

शनिवारचा हॉल मिळाला, दुपारी तीन ते पाच. काका, अर्ध्या तासाऐवजी पाऊण तास घ्या. सहलीचे पैसे शनिवारीच गोळा करते. डबा आपापला आणायचा, पाण्याची बाटली विसरू नका.
मेधा