मंगळावर आधी घर की आधी रस्ता?

खडीकर
मंगळवस्तीचा विषय निघाला की घर, ऑक्सिजन, शेती यांवरच गाडी अडते. रस्त्याचं नाव कुणी काढत नाही. माझ्या मते यान उतरतं तिथून वस्तीपर्यंतचा किलोमीटर-दोन किलोमीटरचा पक्का रस्ता हेच तिथलं पहिलं बांधकाम असावं. नासाचं स्पिरिट रोव्हर, म्हणजे मंगळावर फिरणारी बिनमाणसांची गाडी, २००९ मध्ये वरच्या टणक पापुद्र्यातून खालच्या भुसभुशीत मातीत रुतलं ते कायमचं. नंतरच्या क्युरिऑसिटी रोव्हरच्या चाकांचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा. उतरून दीड वर्षही झालं नव्हतं, तेवढ्यात टोकदार दगडांनी त्याला भोकं पाडली. उद्या गाडीत माणसं असतील आणि रोज तीच फेरी असेल.

शंकासुर
साफ असहमत. ऑपॉर्च्युनिटी रोव्हरही २००५ मध्ये पाच आठवड्यांवर वाळूत अडकलं होतं, पण निघालं आणि एकूण ४५ किमी चाललं. ते बरं सोयीस्कर विसरलात! पुढच्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरला जाड पत्र्याची चाकं दिली, काम भागलं. चाक सुधारता येत असताना रस्ता कशाला? आणि बांधणार कशाचा? डांबर नाही. काँक्रीट म्हणाल, तर तिथला हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहून कमी. सिमेंट धरायच्या आत पाणी उडून जाईल.

खडीकर
गंधकाचा. वितळवायचं, माती मिसळायची, थंड झालं की दगडासारखं घट्ट. पाण्याचा थेंब लागत नाही. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात मंगळासारख्या मातीवर याचे प्रयोग झालेत. २०२४ मध्ये क्युरिऑसिटीच्या चाकाखाली एक दगड फुटला, तर आत चक्क शुद्ध गंधकाचे पिवळे स्फटिक!

शंकासुर
एक दगड फुटला म्हणून खाण सापडली का? बाजारात तुरी... मंगळाच्या मातीतलं गंधक बहुतेक क्षारांच्या रूपात आहे. स्पिरिट रुतलं तेही असल्याच क्षारांच्या मातीत. त्यातून गंधक वेगळं काढायला जी वीज लागेल, ती आधी श्वासाला आणि उबेला लागणार. तिथलं सरासरी तापमान उणे साठच्या आसपास आहे, साहेब.

गतिरोधक
तुमचं चालू द्या, पण ब्रेकचं काय? तिथलं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ३८ टक्के. गाडीचं वस्तुमान तेवढंच, पण चाक जमिनीवर दाबणारं वजन घटलेलं, म्हणजे पकडही घटली. बाकी सगळं सारखं धरलं तरी गाडी थांबायला अडीच पटींहून जास्त अंतर लागेल. वळणावरही तीच गत. गुळगुळीत रस्ता दिला की लोक वेग वाढवणारच, वर धुळीचा थर. खडबडीत वाटेवर निदान हळू तरी जातील.

खडीकर
मुद्दा बिनतोड आहे. पण तो वेगमर्यादेच्या बाजूचा झाला, रस्त्याच्या विरोधातला नाही.

पायवाट
रस्त्याआधी उतरायचा तळ बांधा. क्युरिऑसिटी उतरताना इंजिनाच्या झोतानं खडे उडाले आणि बहुधा त्यांनीच तिचा वारा मोजणारा एक संवेदक (सेन्सर) निकामी केला. माणसं नेणारं यान कितीतरी जड असेल. शेजारच्या घराचं काय होईल?

शंकासुर
हे पटतं. तळ बांधा. पुढच्या वाटेवरचे दगड बाजूला करा, माती दाबा, दोन्ही कडांना खुणा रोवा. एवढ्याला माझी हरकत नाही. त्यावर गंधक ओतायला मात्र अजूनही विरोध.

खडीकर
दाबलेली माती रोजच्या फेऱ्यांनी पुन्हा उखडणार. मग दर महिन्याला रोलर फिरवायची वीज कुठून आणणार, तेही सांगा.