‘जन्मठेप’ : शब्दाचा अर्थ आणि चौदा वर्षांचा हिशेब

विचारणा : वर्तमानपत्रांत ‘जन्मठेप’, ‘आजन्म कारावास’, ‘मरेपर्यंत जन्मठेप’ आणि ‘२५ वर्षे सूट न देता जन्मठेप’ असे चार प्रयोग आढळतात. जन्मठेप १४ वर्षांची असते, असे आपण सगळेच ऐकत आलो आहोत. तसे असेल तर ‘मरेपर्यंत’ हे विशेषण सार्थ ठरते, आणि नसेल तर ती निव्वळ द्विरुक्ती होते. यांपैकी खरे काय मानावे?

प्रतिसाद : कायद्याच्या दृष्टीने ती द्विरुक्तीच आहे. मात्र ती रूढ का झाली, याचे उत्तर शब्दकोशात सापडणार नाही. त्यासाठी न्यायालयाच्या निकालांकडेच वळावे लागते.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत या शिक्षेचे स्वरूप जन्मभराच्या हद्दपारीचे, म्हणजे लोकांच्या बोलीतील ‘काळ्या पाण्याचे’ होते. त्या काळी जन्मठेपेला वर्षांचा आकडा जोडण्याची रीत होती. सावरकरांच्या दोन जन्मठेपा मिळून ५० वर्षे धरल्या गेल्या, हे मराठी वाचकाला ठाऊक आहेच. १९५५ च्या दुरुस्तीने हद्दपारी जाऊन तिच्या जागी आजन्म कारावास आला, पण आकड्याची सवय काही गेली नाही. त्यातच संहितेच्या कलम ५७ मध्ये ‘जन्मठेप २० वर्षांइतकी समजावी’ असे वाक्य होते. ते केवळ शिक्षेचा अंश काढण्यासाठी होते. एखाद्या गुन्ह्याच्या प्रयत्नाला मूळ शिक्षेच्या निम्मी शिक्षा द्यायची असेल तर जन्मभराचे निम्मे काढणार कसे, एवढीच ती अडचण होती. हे कलम सुटे वाचले की जन्मठेप २० वर्षांत संपते असा समज सहज होतो.

हाच युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयापुढे गोपाळ विनायक गोडसे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात झाला. गांधीहत्येच्या कटात फेब्रुवारी १९४९ मध्ये शिक्षा झालेल्या गोडसे यांचे म्हणणे असे होते की, तुरुंगात मिळवलेली सूट धरली तर आपली २० वर्षे पूर्ण झाली आहेत, म्हणून आपल्याला सोडावे. पाच न्यायमूर्तींच्या पीठाने जानेवारी १९६१ मध्ये ते अमान्य केले. जन्मठेप म्हणजे दोषी व्यक्तीचे उरलेले संपूर्ण नैसर्गिक आयुष्य. तुरुंगाच्या नियमांनुसार शिक्षेतील सूट म्हणून साठलेले दिवस आपोआप सुटकेचा हक्क देत नाहीत, आणि उरलेली शिक्षा माफ करायची की नाही हे शासनाने ठरवायचे, असा तो निर्णय होता. पुढे १९६४ मध्ये गोडसे सुटले, तेही शासनाच्या आदेशानेच. आज आपण हा शब्द ज्या अर्थाने वापरायला हवा, तो अर्थ या निकालाने पक्का केला आहे.

प्रतिप्रश्न : मग १४ हा आकडा आला कुठून? तुरुंगात दिवस आणि रात्र वेगळे मोजतात, असेही सांगतात.

प्रतिसाद : दिवस-रात्रीची गोष्ट ही केवळ दंतकथा आहे, तुरुंगातही दिवस २४ तासांचाच असतो. १४ वर्षांचा आकडा ठळक झाला तो १९७८ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत घातलेल्या कलम ४३३-अ मुळे. ज्या गुन्ह्याला फाशीचीही तरतूद आहे त्यात जन्मठेप झालेल्या, किंवा फाशीऐवजी जन्मठेप मिळालेल्या कैद्याने प्रत्यक्ष १४ वर्षे भोगल्याखेरीज त्याला सोडू नये, असे ते कलम सांगत असे, आणि २०२४ मध्ये त्या संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम आहे. मारू राम प्रकरणात १९८० मध्ये न्यायालयाने ते वैध ठरवले. हा आकडा शिक्षेची किमान मर्यादा आहे, पण लोकांनी तीच कमाल धरली. तसे होण्यात राज्य शासनांचा वाटा मोठा आहे, असे माझे मत आहे, कारण ठरावीक वर्षांनंतरची सुटका नेहमीची झाली की शब्दाचा लौकिक अर्थ त्या वर्षांवरच स्थिरावतो.

आणि हा लौकिक अर्थ मग उलट न्यायालयात शिरला. पत्नीच्या खुनाच्या स्वामी श्रद्धानंद प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर पेच होता की, फाशी द्यावी इतका गुन्हा वाटत नाही आणि व्यवहारात १४ वर्षांवर येऊन थांबणारी जन्मठेप फारच अपुरी वाटते. न्यायालयाने मधला मार्ग काढला : जन्मठेपच द्यायची, परंतु ती जन्मभर, किंवा न्यायालय ठरवील तितकी वर्षे, शासनाच्या शिक्षेत सूट देण्याच्या अधिकाराबाहेर ठेवायची. २०१५ च्या श्रीहरन निकालात पाच न्यायमूर्तींपैकी तिघांनी हा मार्ग उचलून धरला. दोघांच्या मते मात्र कायद्यात नसलेली शिक्षा न्यायालयाने निर्माण करणे योग्य नव्हते. मला या दोघांच्या हरकतीत तथ्य वाटते, तरीही या मार्गामुळे काही जणांची फाशी टळली, हे नाकारता येणार नाही. राष्ट्रपती आणि राज्यपाल यांचे घटनेतील दयेचे अधिकार मात्र या बंधनातून वगळलेले आहेत.

तेव्हा ‘२५ वर्षे सूट न देता जन्मठेप’ हा प्रयोग लांबलचक असला तरी अचूक आहे. ‘मरेपर्यंत जन्मठेप’ या द्विरुक्तीला आता संसदेनेच आधार दिला आहे. २०१३ च्या दुरुस्तीने बलात्काराच्या काही कलमांत ‘जन्मठेप, म्हणजे त्या व्यक्तीच्या उर्वरित नैसर्गिक आयुष्यभराचा कारावास’ असे शब्द आले आणि २०२४ मध्ये दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ते कायम आहेत. १९६१ मध्ये प्रत्येक जन्मठेपेचा जो अर्थ ठरला होता तोच निवडक कलमांत पुन्हा लिहिल्याने, उरलेल्या कलमांतील जन्मठेप त्याहून कमी आहे की काय, अशी शंका मात्र निष्कारण उभी राहते.

पुरवणी : ‘शिक्षा भोगून सुटले’ हा प्रयोगही जन्मठेपेच्या कैद्याबाबत टाळावा, ‘उरलेली शिक्षा माफ होऊन सुटले’ असे लिहावे. २००२ च्या गुजरात दंगलीतील सामूहिक बलात्कार व हत्यांच्या एका प्रकरणात ऑगस्ट २०२२ मध्ये ११ कैदी सुटले, तेव्हा हा फरक महत्त्वाचा ठरला. शिक्षा संपलेली असती तर पुढे काही प्रश्नच उरला नसता. परंतु ती माफ झालेली होती, म्हणून माफ करणारे शासन योग्य होते का, हे तपासता आले. खटला मुंबईत चालून शिक्षा तेथेच झालेली असल्याने हा अधिकार गुजरातचा नसून महाराष्ट्र शासनाचा होता, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी ठरवले आणि सर्वांना दोन आठवड्यांत तुरुंगात हजर होण्याचा आदेश दिला.