मदत हवी आहे: मिल्टनच्या 'सिली'ला मराठीत काय म्हणावे?

इंग्रज कवी मिल्टनने १६२९ साली ख्रिस्तजन्मावर लिहिलेल्या कवितेचा मराठी गद्य अनुवाद करते आहे. पहाट होण्याआधी गप्पा मारत बसलेल्या मेंढपाळांच्या विचारांना तो 'सिली' म्हणतो, आणि मी तिथेच अडकले आहे.

शब्दकोशातला 'मूर्ख' इथे बसत नाही. कवी त्यांना हिणवत नाही. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता सुखी, धन्य. (त्याचा जर्मन भाऊ 'झेलिग' आजही 'धन्य'च आहे!) पुढे तो निष्पाप झाला, मग दुबळा, बिचारा, आणि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात मूर्ख. म्हणजे मिल्टनच्या काळी यांतल्या बऱ्याच छटा एकत्र नांदत होत्या.

'साधे' लिहून पाहिले, फार सपाट वाटले. 'बापडे'मध्ये कीव जास्त. 'भाबडे' जवळचे, पण त्यात कुणीतरी फसवणार अशी चाहूल लागते. सध्या 'भोळे'वर थांबले आहे, कारण भोळ्या भक्तीत भाव आणि अज्ञान दोन्ही येतात.

तळटीप देता येणार नाही, आणि शब्द एकच हवा. संतवाङ्मय किंवा जुनी मराठी जाणणाऱ्यांनी सांगावे: 'भोळे'पेक्षा नेमका, निष्पापपणा आणि अजाणतेपणा दोन्ही पेलणारा शब्द आहे का?