विंडोज ११ शेजारी उबुंटू बसवले, पण लॅपटॉप थेट विंडोजमध्येच उघडतो

प्रश्न : अक्षरजुळणी

नमस्कार. माझा पुस्तकांच्या अक्षरजुळणीचा व्यवसाय आहे. जुनी कामे श्रीलिपी आणि पेजमेकरमध्ये केलेली असल्यामुळे त्या फाइलींसाठी विंडोज ठेवावेच लागते. प्रकाशक सुधारित आवृत्तीसाठी येतात तेव्हा त्याच फाइली पुन्हा उघडाव्या लागतात. नवे काम मात्र युनिकोडमध्ये असते आणि ते लिनक्सवर करायची माझी इच्छा आहे. म्हणून लॅपटॉपवरचे मूळचे विंडोज ११ तसेच ठेवले, त्यातल्याच डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह लहान केला आणि मोकळ्या झालेल्या १२० जीबी जागेत उबुंटू २४.०४ ही लिनक्स प्रणाली बसवली. इन्स्टॉलेशन कोणतीही त्रुटी न दाखवता पूर्ण झाले.

अडचण अशी, की पेनड्राइव्ह काढून लॅपटॉप सुरू केला की तो सरळ विंडोजमध्ये जातो. कोणती प्रणाली हवी हे विचारणारा मेन्यू येतच नाही. सुरू होताना बूट मेन्यूची कळ दाबली तर यादीत ‘उबुंटू’ आणि ‘विंडोज बूट मॅनेजर’ ही दोन्ही नावे दिसतात. त्यातले उबुंटू निवडले तर ते व्यवस्थित चालू होते, मात्र तेव्हाही मध्ये कोणताच मेन्यू दिसत नाही. संगणक दुरुस्तीच्या दुकानात विचारले असता, सिक्युअर बूट (अधिकृत स्वाक्षरी नसलेला लोडर चालू न देणारी सोय) बंद करा आणि तरीही जमले नाही तर सगळे फॉरमॅट करून दोन्ही प्रणाली नव्याने टाका, असे सांगण्यात आले. फाइलींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर आहे, पण फॉन्ट, सॉफ्टवेअरची नोंदणी, प्रिंटरची मांडणी हे सगळे नव्याने उभे करण्यात माझा आठवडा जाईल. फॉरमॅट न करता हे सुटेल का? आणि बूट लोडर, म्हणजे प्रणाली सुरू करून देणारा प्रोग्राम, मुळात कुठे बसतो, हेही कोणी समजावून सांगितले तर फार बरे होईल.

उत्तर : कर्नलकट्टा

फॉरमॅट करण्याचे काहीही कारण नाही, आणि सिक्युअर बूटही बंद करू नका. बूट मेन्यूच्या यादीतून उबुंटू निवडल्यावर ते चालू होते, असे तुम्ही लिहिले आहे. याचा अर्थ उबुंटूचा बूट लोडर योग्य जागी बसलेला आहे, त्याच्या फाइली शाबूत आहेत आणि फर्मवेअरला (यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रामला) तो माहीतही आहे. बिघाड असा काही नाही. फक्त क्रम उलटा आहे.

बूट लोडर कुठे बसतो, ते आधी पाहू. बायोस या जुन्या फर्मवेअरच्या काळात डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये, त्यातही जेमतेम ४४६ बाइटांच्या जागेत, बूट लोडरचा पहिला तुकडा असे. जागा एकच असल्यामुळे जो शेवटी इन्स्टॉल होईल तो आधीच्याला पुसून टाकी, आणि ‘आधी विंडोज, मग लिनक्स’ हा नियम तिथूनच आला. तुमच्या लॅपटॉपवर यूईएफआय हे नव्या पद्धतीचे फर्मवेअर आहे. यात डिस्कवर एफएटी३२ स्वरूपाचे एक छोटे पार्टिशन असते, त्याला ईएफआय सिस्टिम पार्टिशन म्हणतात. विंडोज ते बहुधा १०० एमबीचे करते. त्यातल्या ‘ईएफआय’ फोल्डरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट’ नावाचे एक आणि ‘उबुंटू’ नावाचे एक, अशी स्वतंत्र फोल्डर शेजारी शेजारी असतात. कोणीही कोणाला पुसत नाही. यातल्या कोणत्या फाइलपासून सुरुवात करायची याची यादी आणि तिचा क्रम मदरबोर्डवरच्या स्मृतीत लिहिलेला असतो. डिस्क फॉरमॅट केल्याने तो क्रम बदलेलच असे नाही, म्हणून दुकानातला सल्ला मला मुळातच चुकीच्या जागी बोट ठेवणारा वाटतो.

आता उपाय. उबुंटूमध्ये टर्मिनल उघडून ‘सुडो एफिबूटएमजीआर’ ही कमांड द्या. ‘बूटऑर्डर’ या शब्दापुढे चार-चार अंकांचे क्रमांक दिसतील आणि खाली कोणता क्रमांक कोणाचा ते दिसेल. समजा विंडोज बूट मॅनेजर ०००० आणि उबुंटू ०००३ असेल, तर त्याच कमांडला ‘-ओ’ हा पर्याय जोडून आधी ०००३ आणि मग स्वल्पविराम देऊन ०००० असे लिहा. यादीत आणखी क्रमांक असतील तर तेही पुढे तसेच ठेवा, गाळू नका.

मेन्यू न दिसण्याचे कारण वेगळे आहे. ग्रबला, म्हणजे उबुंटूच्या बूट लोडरला, एकच प्रणाली माहीत असेल तर उबुंटूमध्ये मेन्यू लपलेला राहतो. दुसऱ्या प्रणाली शोधण्याचे काम ‘ओएस-प्रोबर’ नावाचा एक छोटा प्रोग्राम करतो; तो रूटच्या (सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या) अधिकाराने प्रत्येक पार्टिशन उघडून पाहत असल्यामुळे, सुरक्षेचा विचार करून, २०२१ मध्ये आलेल्या ग्रब २.०६ पासून तो मुळातच बंद ठेवलेला असतो. ‘ईटीसी’मधल्या ‘डिफॉल्ट’ फोल्डरात ‘ग्रब’ नावाची फाइल आहे. तिच्यात ‘ग्रब डिसेबल ओएस प्रोबर’ अशी ओळ सापडेल. तिच्या सुरुवातीचे हॅशचे चिन्ह काढा आणि मूल्य ‘फॉल्स’ ठेवा. मग ‘सुडो अपडेट-ग्रब’ द्या. उत्तरात ‘विंडोज बूट मॅनेजर सापडला’ अशा अर्थाची ओळ आली की पुढच्या वेळी मेन्यूही दिसेल आणि त्यात विंडोजही असेल.

उत्तर : संध्यावर्ग

वरचे उत्तर अचूक आहे, पण त्यातले काहीही करण्यापूर्वी दोन गोष्टी विंडोजमध्ये जाऊन पाहाव्यात, असे माझे कळकळीचे सांगणे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे बिटलॉकर, डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय. विंडोज ११ असलेल्या नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप सुरू झालेले असू शकते, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा, ‘मॅनेज-बीडीई -स्टेटस’ ही कमांड द्या आणि सी ड्राइव्हपुढे काय लिहून येते ते वाचा. संरक्षण चालू असेल तर ४८ अंकांची रिकव्हरी की आत्ताच मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा. फर्मवेअरमध्ये सिक्युअर बूट बंद करणे हा बिटलॉकरच्या दृष्टीने छेडछाडीचाच प्रकार आहे. दुकानदाराचे ऐकून तुम्ही ते केले असते तर पुढच्याच वेळी निळ्या पडद्यावर ही की मागितली गेली असती, आणि ती हाताशी नसती तर सिक्युअर बूट तसेच बंद असेपर्यंत सी ड्राइव्ह उघडता आला नसता. शिवाय त्याची गरजही नाही, कारण उबुंटूच्या साखळीतला पहिला दुवा म्हणजे ‘शिम’ हा छोटा लोडर, आणि त्यावर मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी असते. सिक्युअर बूट चालू असतानाच तो चालावा अशी ती रचना आहे.

दुसरी गोष्ट फास्ट स्टार्टअपची. हे चालू असताना ‘शट डाउन’ केले तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, गाभ्याची स्थिती डिस्कवर साठवून झोपी जाते, आणि त्या अवस्थेत विंडोजचे पार्टिशन लिनक्समधून लिहिण्यासाठी उघडता येत नाही. तुम्हाला दोन्हीकडून त्याच फाइली हाताळायच्या असतील तर ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ देऊन ते बंदच करून टाका. हायबरनेटची सोयही त्यासोबत जाते, हे ध्यानात असू द्या.

हा धागा पुढे वाचणाऱ्या इतरांसाठी एक सांगतो. उबुंटूचे नाव बूट मेन्यूत मुळीच दिसत नसेल तर इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह जुन्या लेगसी (बायोसच्या) पद्धतीने बूट झाला होता का, ते तपासा. उबुंटूमध्ये ‘सिस’ खालच्या ‘फर्मवेअर’ फोल्डरात ‘ईएफआय’ हे फोल्डर नसेल तर ते लेगसी पद्धतीने चालू आहे आणि यूईएफआय पद्धतीच्या विंडोजशी त्याची एकाच मेन्यूत जोडी जमणार नाही.

अक्षरजुळणी :

दोघांचेही मनापासून आभार. केलेले क्रमाने लिहितो. बिटलॉकर खरोखरच चालू निघाले. की लिहून घेतली आणि फास्ट स्टार्टअप बंद केले. उबुंटूमध्ये क्रम बदलला, तिथे तो बदललेला दिसलाही, पण रीस्टार्ट केल्यावर लॅपटॉप पुन्हा विंडोजमध्येच गेला आणि परत पाहिले तर विंडोज पहिल्या जागी आलेले होते. म्हणून तूर्त कळ दाबूनच उबुंटूमध्ये जातो. ओएस-प्रोबर सुरू केल्यावर ग्रबचा मेन्यू मात्र आला. त्यातून विंडोज निवडले तर रिकव्हरी की विचारली जाते. की भरली की विंडोज उघडते. कळ दाबून थेट विंडोज निवडले तर मात्र काहीही विचारले जात नाही. हे असे का होते?

शिवाय विंडोजमधले घड्याळ साडेपाच तास मागे गेलेले दिसते.

उत्तर : रात्रपाळी

क्रमाच्या बाबतीत असे आहे, की काही कंपन्यांचे फर्मवेअर प्रणालीने लिहिलेला क्रम मानत नाही आणि दर वेळी विंडोजला पुढे आणते. अशा लॅपटॉपवर हा क्रम फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊनच बदलावा लागतो. तिथे बहुधा दोन स्तर असतात. वरच्या यादीत हार्ड डिस्क, यूएसबी, नेटवर्क असे साधनांचे क्रम असतात. तिथे काही बदलून उपयोग होत नाही. त्यातल्या हार्ड डिस्कच्या किंवा ‘ओएस बूट मॅनेजर’च्या ओळीवर जाऊन एंटर दाबले की आतली यादी उघडते, आणि उबुंटू वर न्यायचे ते तिथे.

तेवढ्यानेही जमले नाही तर ‘बीसीडीएडिट’ ही विंडोजची कमांड वापरून विंडोज बूट मॅनेजरच्या नोंदीतला मार्गच उबुंटूच्या शिमकडे वळवण्याचा उपाय अनेक ठिकाणी सांगितलेला आढळतो. हट्टी फर्मवेअरवर तो चालतो हे खरे, पण बिटलॉकर असलेल्या यंत्रावर तो करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण मग विंडोजकडे जाणारी नेहमीची वाट शिममधूनच जाईल. मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरातल्या लोडर फाइलचे नाव बदलून तिथे ग्रब ठेवण्याचा प्रकार तर कोणीच करू नये. विंडोजच्या एखाद्या अपडेटमध्ये ती फाइल पुन्हा लिहिली जाते आणि सगळे मुसळ केरात जाते.

आता रिकव्हरी की का विचारली जाते ते पाहू. लॅपटॉपमधली टीपीएम ही सुरक्षा चिप, बूट होताना कोणकोणते लोडर कोणाच्या प्रमाणपत्राच्या आधारे चालले, याची नोंद ठेवत जाते. सिक्युअर बूट चालू असताना बिटलॉकर आपली किल्ली या नोंदीशी बांधून ठेवतो आणि त्या नोंदीत फक्त विंडोजच्या स्वतःच्या प्रमाणपत्राची खूण असावी अशी त्याची अपेक्षा असते. ग्रबमधून गेलात की त्याआधी शिम चाललेला असतो. शिमवरची स्वाक्षरी मायक्रोसॉफ्टचीच असली तरी ती इतरांच्या सॉफ्टवेअरसाठी राखलेल्या वेगळ्या प्रमाणपत्राची असते. त्यामुळे नोंद बदलते, मोजमाप जुळत नाही आणि टीपीएम किल्ली सोडत नाही. तुमच्या यंत्रात दोष नाही. बिटलॉकर त्याचे काम चोख करतो आहे.

म्हणून तुमच्यासाठी माझा सल्ला वरच्या पहिल्या उत्तरापेक्षा थोडा वेगळा आहे. ग्रबच्या मेन्यूत विंडोज ठेवूच नका; ओएस-प्रोबर पुन्हा बंद करून ‘अपडेट-ग्रब’ द्या. फर्मवेअरमध्ये उबुंटू पहिल्या जागी ठेवा. विंडोज हवे असेल तेव्हा सुरू होताना कळ दाबा, नाहीतर उबुंटू चालू असताना ‘एफिबूटएमजीआर’ला ‘-एन’ हा पर्याय आणि विंडोजचा क्रमांक देऊन रीस्टार्ट करा. हा पर्याय फक्त पुढच्या एका खेपेपुरता लागू होतो आणि यंत्र थेट विंडोजच्या लोडरवर जाते, त्यामुळे की विचारली जात नाही. डेस्कटॉपवर त्याचा शॉर्टकट करून ठेवलात तर काम एका क्लिकचे होईल. विंडोज रोज आणि उबुंटू अधूनमधून लागत असेल तर क्रम आहे तसाच ठेवणेही अगदी योग्य आहे. मेन्यू दिसलाच पाहिजे असा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

उत्तर : कर्नलकट्टा

हे मला पूर्ण पटते. बिटलॉकर चालू असेल तर ‘रात्रपाळी’ यांनी सांगितलेलाच मार्ग धरावा.

विंडोज आणि उबुंटू दोन्ही वेळच्या वेळी अपडेट करत राहा, हे मात्र आवर्जून सांगतो. ऑगस्ट २०२४ मधल्या विंडोजच्या सुरक्षा अपडेटने जुने, असुरक्षित ठरलेले शिम नाकारण्याचा नियम फर्मवेअरच्या स्मृतीत लिहिला. शेजारी लिनक्स असलेल्या यंत्रांना तो लागू होऊ नये असे ठरले होते, तरी अनेक यंत्रांवर तो लागू झाला आणि लिनक्स सुरू होताना ‘एसबॅट’ (याच नियमाची) तपासणी अयशस्वी झाल्याचा संदेश येऊन यंत्र बंद पडू लागले. तसे कधी झाले तर बिटलॉकरची की हाताशी घेऊन सिक्युअर बूट तात्पुरते बंद करा, उबुंटूमध्ये जाऊन ‘मॉकयूटिल’ या कमांडच्या ‘सेट-एसबॅट-पॉलिसी’ या पर्यायाला ‘डिलीट’ हे मूल्य द्या, एकदा उबुंटूतच रीस्टार्ट करा, शिम अद्ययावत करून घ्या आणि मग सिक्युअर बूट पुन्हा चालू करा.

घड्याळाचे कारण साधे आहे. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ गृहीत धरते आणि लिनक्स जागतिक प्रमाणवेळ लिहिते. भारतात या दोन्हींत साडेपाच तासांचे अंतर पडते. उबुंटूमध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ ही कमांड दिली की उबुंटूही स्थानिक वेळ धरू लागेल. त्यावर लिनक्सकडून एक इशारा छापला जातो, पण उन्हाळी वेळेसाठी घड्याळे पुढेमागे करण्याची पद्धत आपल्याकडे नसल्यामुळे इथे त्याची अडचण येत नाही. नंतर विंडोजमध्ये जाऊन एकदा वेळ ‘सिंक’ करून घ्या.