"फुकट वापरता ना, मग कुरकुर कसली?" म्हणणाऱ्यांना उत्तर

मिरजेची_मावशी
परवा 'वाळव्याचा_वाघ' यांनी ठोकून दिलं की फेसबुक, इन्स्टा, यूट्यूब बिघडलं म्हणून रडणारे सगळे फुकटे आहेत, नको असेल तर सोडून जावं. खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहिते.

मी घरी हळद आणि कांदा-लसूण मसाला करते. एका मोठ्या साइटवर पान काढलं होतं. सुरुवातीला पोस्ट टाकली की जोडलेल्या सगळ्यांना दिसायची. पुणे, बेळगाव, कुठून कुठून ऑर्डरी यायच्या. मग तीच माणसं विचारायला लागली, "ताई, मसाला बंद केला का?" बंद कुठला! त्यांना पोस्ट दिसतच नव्हती. माझ्या पोस्टखाली मात्र बटण आलं, पैसे भरा आणि जास्त लोकांपर्यंत पोचा. ही माणसं जमवली मी, चव बघायला पुड्या पाठवून. आता त्यांनाच हाक मारायला मी पैसे मोजायचे?

आणि सोडून जायचं तर कुठं? 'आपली माहिती डाउनलोड करा' हेही करून बघितलं. माझेच फोटो, माझ्याच पोस्ट परत आल्या. गिऱ्हाइकांपर्यंत पोचायची वाट काही त्यात नव्हती.

मोबाइलचं आठवा. जानेवारी २०११ मध्ये देशभर नंबर पोर्ट करायची सोय झाली. त्याआधी नंबर जाईल या भीतीनं लोक रेंज नसलेलं कार्ड वर्षानुवर्षं सांभाळायचे. आता १९०० ला एसएमएस करून कोड घेतला आणि नव्या कंपनीकडं दिला की नंबर तोच, कंपनी दुसरी. यूपीआयचंही तेच, माझं ॲप कुठलंही असो, तुमच्या ॲपवर पैसे पोचतात. मग या साइटींवर का नाही? गिऱ्हाईक उठून जाईल ही धास्ती असली की दुकानदार सरळ वागतो.

वाळव्याचा_वाघ
मावशी, मसाला झणझणीत असेल, मुद्दा अळणी आहे. सर्व्हरचं बिल कोण भरतं? व्हॉट्सॲप आधी वर्षाला साधारण एक डॉलर घ्यायचं, तेव्हा "साठ रुपये कशाला?" म्हणणारे आपणच. २०१४ मध्ये फेसबुकनं सुमारे १९ अब्ज डॉलरला ते घेतलं, २०१६ मध्ये फी बंद झाली, २०२५ मध्ये स्टेटसमध्ये जाहिराती आल्या. यात कुणाला काय नवल वाटलं? पैसे भरायची दानत ठेवा, दर्जा मिळेल.

विट्याचा_पाव्हणा
दानत ठेवली होती साहेब. ॲमेझॉन प्राइमचे वर्षाचे पैसे भरून बसलो, आणि २०२५ च्या जूनपासून पिक्चरच्या मधे जाहिरात. नको असेल तर वर आणखी पैसे. म्हणजे फुकट्याला जाहिरात, पैसेवाल्यालाही जाहिरात. आता काय सोनं गहाण ठेवू?

आणि मावशी, पोर्टिंगचं एवढं कौतुक नको. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढवले. पोर्ट करून जायचं कुठं, कृष्णेत?

कृष्णाकाठ
सगळे फांद्या छाटताय. मूळ मालकीत आहे. मालक शेअर बाजाराला बांधलेला, मग तो वापरणाऱ्याला पिळणारच. वापरणाऱ्यांचंच प्लॅटफॉर्म काढा, सहकारी. एक सभासद, एक मत. विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळांनी प्रवरेला साखर कारखाना उभा केला, तेव्हाही लोक हसलेच होते. सांगली-साताऱ्याला हे शिकवायला नको.

काटा_चेक_करा
शिकवायला नको?? अहो, आम्ही शिकून बसलोय! माझे वडील सभासद. वारले. कारखान्याच्या यादीत अजून जिवंत आहेत, मतदानाला त्यांच्या नावानं कोण येतं देव जाणे. वार्षिक सभा बघितलीय का कधी? माइकवरचा माणूस विषय अर्धा वाचतो, तोवर पुढच्या चार रांगा "मंजूर मंजूर" ओरडतात. एकदा मी काट्याबद्दल विचारायला उठलो. बाहेरच्या काट्यावर वजन करून आणलेला ऊस कारखान्याच्या काट्यावर एवढा कमी कसा भरतो, एवढंच विचारायचं होतं. माइक बंद! आणि राष्ट्रगीत सुरू. आता राष्ट्रगीत चालू असताना बोलायचं कसं?

कृष्णाकाठ
तुमच्या एका कारखान्यावरून सहकाराला शिव्या घालू नका. दिवाळीची सवलतीची साखर घरी आणताना सहकार गोड लागत होता ना? पोरं कुणाच्या कॉलेजात शिकली?

काटा_चेक_करा
साखर काढू नका! एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, १४ दिवसांत द्यायची असा कायदा आहे. आम्हाला पहिला हप्ता मिळेपर्यंत सोसायटीचं व्याज चढलेलं असतं. आणि गेलं तर गेलं, शेवटी कारखाना मोडीत काढून खासगीवाल्यालाच जातो. तुमचं सहकारी ॲपही असंच जाणार, फक्त तिथं चेअरमनच्या पुतण्याच्या पोस्ट सगळ्यात वर दिसतील.

विट्याचा_पाव्हणा
😂 पुतण्याची पोस्ट आत्ताही वरच असते.

मिरजेची_मावशी
अहो, धागा ऊसात गेला. पण गेलाच आहे तर विचारते. झोनबंदी होती तेव्हा काय होतं? हद्दीतला ऊस त्याच कारखान्याला घालायचा, दर देईल तो घ्यायचा. झोनबंदी उठली आणि शेजारचा जास्त देतो म्हटल्यावर इथल्यालाही हात सैल करावा लागला. हेच मी म्हणतेय. मालक सहकारी असो नाहीतर अमेरिकेतला, झोनबंदी नको.

काटा_चेक_करा
ताई, तुमच्याकडं ऊस नाही, म्हणून सोपं वाटतंय. झोनबंदी कागदावर उठली. ऊसतोडीचा नंबर चिटबॉय लावतो, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा माणूस. दुसऱ्याला ऊस घातला की पुढच्या वर्षी तोडणाऱ्यांची टोळी शेवटी येते. तोवर ऊसाला तुरे येतात आणि वजन घटतं. जायला मोकळे आहात म्हणायचं आणि गेल्यावर छळायचं, हा प्रकार वेगळा असतो.

वाळव्याचा_वाघ
पहिल्यांदाच कुणीतरी शहाणं बोललं. बघा ना, एक ॲप बंद करायला गेलो तर 'खरंच जाताय का?' तीनदा विचारलं आणि शेवटी कॉल सेंटरला फोन लावायला लावला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारनं अशा १३ फसव्या चालींवर बंदीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. चालतंय तसंच.
यूपीआयचंही ऐका मावशी. एका ॲपकडं ३० टक्क्यांच्या वर व्यवहार नकोत, असं २०२० मध्ये ठरलं. ती मुदत ढकलत ढकलत २०२६ अखेरपर्यंत नेली. दोनच ॲपवर बहुतांश व्यवहार आहेत. वाट मोकळी असून लोक हलत नाहीत, त्याला काय करणार?

मिरजेची_मावशी
हलायची गरज पडली नाही, म्हणून हलले नाहीत! उद्या त्यातल्या एकानं पैसे पाठवायला पाच रुपये घेऊन बघावेत. संध्याकाळपर्यंत भाजीवाली दुसरा क्यूआर चिकटवेल. हे त्यांनाही माहीत आहे, म्हणून गुमान आहेत.

कृष्णाकाठ
विकिपीडियाला कुणी विसरू नका. देणग्यांवर चालतो, जाहिरात नाही, मजकूर कुणीही उचलून न्यावा. २००१ पासून टिकलाय.

विट्याचा_पाव्हणा
तिथं मराठी पानं लिहिणारे किती? आपण इथं भांडायला मात्र रात्री बारापर्यंत जागे.

वाळव्याचा_वाघ
बरं बाई, तुम्ही जिंकलात, हार पाठवू का? गिऱ्हाइकांची यादी तुमची, कंपनीनं द्यावी, कायदा करा. पण यादीतल्या माणसांना कुणी विचारलंय का, मसालेवालीला आपला नंबर द्यायचाय की नाही?

मिरजेची_मावशी
विचारा की. 'हो' म्हणेल त्याचाच द्या. नको म्हणाला तर माझं काही म्हणणं नाही. आज तो प्रश्न विचारायची सोयसुद्धा पैसे भरल्याशिवाय नाही. हार नको, मसाल्याची ऑर्डर द्या, अर्ध्या किलोच्या खाली पाठवत नाही.

काटा_चेक_करा
अर्धा किलो कुठल्या काट्यावर?